वाचकांचे प्रश्न : पन्नास कोसांतला ऑर्गनकार

प्रश्न : आमच्या घरात दोन पिढ्यांनी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. आजोबांचा पायाने भाता चालवायचा ऑर्गन आमच्या गिरगावातल्या खोलीत अजून आहे. अलीकडे फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधला पाइप ऑर्गन प्रथमच जवळून पाहिला आणि कुतूहलाने थोडे वाचन केले. त्यात झिल्बरमान या जर्मन ऑर्गनकाराचे नाव पुन्हा पुन्हा आले. पण त्याचे सारे काम एकाच प्रांतात झाले, असेही वाचले. एवढा थोर कारागीर आपला मुलूख सोडून बाहेर का गेला नाही? आणि त्याच्या ऑर्गनचा आमच्या ऑर्गनशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. आपल्या आजोबांच्या ऑर्गनमध्ये स्वर उमटतो तो पितळेच्या पातळ जिभेतून. पायाने भाता चालवला की हवा त्या जिभेवरून ओढली जाते आणि जीभ थरथरते. हार्मोनियममध्येही तत्त्व हेच, फक्त तिथे हवा ओढली न जाता ढकलली जाते. असे वाद्य उचलून गाडीत घालता येते, म्हणूनच नाटक मंडळ्या ते घेऊन गावोगाव हिंडू शकल्या. चर्चच्या ऑर्गनमध्ये मात्र बहुतेक स्वर बासरीप्रमाणे नळीतल्या हवेच्या कंपनातून निघतात, आणि प्रत्येक पट्टीसाठी, शिवाय प्रत्येक स्वररंगासाठी वेगळी नळी लागते. एका रंगाच्या नळ्यांच्या संचाला 'स्टॉप' म्हणतात. खर्जाची उघडी नळी आठ फुटांची, त्याखालच्या सप्तकाची सोळा फुटांची, असा हा हिशोब वाढत जातो. वाद्य म्हणण्यापेक्षा तो इमारतीचाच एक भाग होऊन बसतो. मूर्ती घडवून परगावी पाठवता येते, पण देवळाचे शिखर जागेवरच चढवावे लागते, तसेच काहीसे हे आहे.

गॉटफ्रीड झिल्बरमानचा जन्म १४ जानेवारी १६८३ रोजी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, फ्राउएनस्टाइनजवळच्या क्लाइनबोब्रिच या खेड्यात झाला. वडील सुतार. थोरला भाऊ आंद्रेआस स्ट्रासबर्गला जाऊन ऑर्गनकार म्हणून स्थिरावला होता. १७०२ च्या सुमारास गॉटफ्रीड त्याच्याकडे काम शिकायला गेला आणि १७१० मध्ये मायदेशी परतला. आपल्या समजुतीत एवढी दुरुस्ती मात्र करावी लागेल : तो बाहेर गेला होता, पण शिकण्यापुरता. परतताना त्याने फ्रेंच पद्धतीचे झणझणीत जिभेचे स्टॉप आणि त्यांची रंगसंगती सोबत आणली व त्यांची सांगड सॅक्सनीच्या भारदस्त, स्वच्छ मूळ स्वराशी घातली. त्याच्या वाद्यांचा वेगळेपणा या मिश्रणात आहे, असे माझे मत आहे.

आल्या आल्याच त्याला फ्रायबर्गच्या कॅथीड्रलचे काम मिळाले. (काळ्या जंगलाजवळचे फ्रायबुर्ग ते हे नव्हे, दोन्ही गावांची गल्लत नेहमी होते.) त्या वेळी तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता, आणि एवढे मोठे काम त्याच्या हाताखालून आधी गेलेले नव्हते. तेथील ऑर्गनवादक एलियास लिंडनर याने वाद्याच्या दर्शनी लाकडी मखराची रचना केली. तीन हातपट्ट्या (म्हणजे हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या तीन रांगा), पायांनी वाजवायची एक पायपट्टी आणि ४४ स्टॉप असलेला हा ऑर्गन १७१४ मध्ये पूर्ण झाला. लाइपझिगचा संगीतप्रमुख योहान कुनाऊ आणि आल्टेनबुर्गचा वादक बेस्टेल यांनी तो तपासला. अशी तपासणी हा त्या काळचा रिवाज होता : नामांकित वादकाने येऊन एकेक स्टॉप, भाते आणि हवेचा दाब पाहायचा आणि लेखी अभिप्राय द्यायचा. हा अभिप्रायच ऑर्गनकाराची खरी जाहिरात असे. फ्रायबर्ग हे ११६८ पासून चांदीच्या खाणींवर मोठे झालेले शहर, आणि 'झिल्बर' म्हणजेही चांदी. त्यामुळे याच्या ऑर्गनला 'चंदेरी आवाज' म्हणायची हौस लेखकांना आवरत नाही. नळ्या अर्थातच चांदीच्या नसतात. त्या कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूच्या असतात. कल्हईवाल्याकडचे कथील ते हेच, आणि फ्रायबर्गच्या दक्षिणेच्या डोंगरांत चांदीबरोबर ते निघत असे.

आता आपला मुख्य प्रश्न. झिल्बरमानने सुमारे पन्नास ऑर्गन बांधले, त्यांतले एकतीसच्या आसपास आज टिकून आहेत, आणि हे जवळजवळ सगळे फ्रायबर्गपासून पन्नास कोसांच्या आत, म्हणजे मुंबईहून पुण्याला जाण्याइतक्या अंतरात येतात. याचे पहिले कारण वाहतुकीचे. भाग कारखान्यात तयार होत, पण ते गाड्यांतून चर्चपर्यंत न्यावे लागत. तिथे कारागिरांचा मुक्काम, त्यांचे जेवणखाण, भाता तुडवायला एक माणूस, मचाण आणि प्रत्येक नळीला त्या वास्तूच्या घुमाऱ्यानुसार बोलते करण्याचे आठवड्यांचे काम, अशी सगळी व्यवस्था त्या गावाने करायची. अंतर दुप्पट झाले की हा खर्चही फुगत जाई. दुसरे कारण राजकीय. ३० जून १७२३ रोजी सॅक्सनीचा शासक ऑगस्टस द स्ट्राँग याने त्याला दरबाराचा आणि प्रांताचा अधिकृत ऑर्गनकार ही पदवी दिली. सॅक्सनीच्या आत ही पदवी म्हणजे भरभक्कम कवच होते, सीमेपलीकडे तिची किंमत केवळ मानाची.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. झिल्बरमान प्रयोगशील नव्हता. निदान ऑर्गनच्या बाबतीत तरी नव्हता. खेड्यातल्या चर्चसाठी दोन हातपट्ट्या आणि वीसच्या आसपास स्टॉप, असा एक नमुना त्याने ठरवून टाकला आणि तो वर्षानुवर्षे थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा बांधला. फोर्चहाइमचा १७२६ चा आणि राइनहार्ट्सग्रिमाचा १७३१ चा, या दोन्हींत वीसच स्टॉप आहेत. ग्राहकाला काय मिळणार ते आधीच ठाऊक असे, कारागिरांचे हात त्या मापांना सरावलेले असत आणि लाकूड, धातू व कारागिरी यांत काटकसर न करता वेळेची बचत होई. याला कोणी साचेबंदपणा म्हणेल. पण एकच राग आयुष्यभर गाणाऱ्या गवयाला आपण साचेबंद म्हणत नाही, आणि शेजारच्या गावात जसा आहे अगदी तसाच हवा, अशी मागणी करणारी गावे असताना दूरदेशी जाऊन नवे काही सिद्ध करण्याची त्याला गरज नव्हती. बाहेरच्या जगासाठी त्याने केलेले नवे काम म्हणजे पियानो : थोर जर्मन संगीतकार बाख याने त्याच्या सुरुवातीच्या पियानोंचे वरचे स्वर दुबळे आणि पट्ट्या जड असल्याचे सांगितले, तेव्हा तो रुसला, पण मग सुधारणा केल्या, आणि १७४७ मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या राजाकडे बाखने त्याच्याच पियानोवर वादन केले.

या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याचा सर्वांत गुणी शिष्य झकारियास हिल्डेब्रांट. त्याच्याकडून झिल्बरमानने आधीच लिहून घेतले होते की सॅक्सनीत गुरूशी स्पर्धा करायची नाही. आपल्याकडे गंडा बांधताना घराण्याची निष्ठा मागितली जाते. इथे ती सहीनिशी करारात मागितली गेली. शिष्याने स्वतंत्र कामे घेतल्यावर प्रकरण भांडणापर्यंत गेले. त्यात झिल्बरमानची बाजू कायद्याने पक्की असेल, पण उदार नव्हती. सुदैवाने कथा तिथे थांबली नाही. हिल्डेब्रांटने नाउम्बुर्गच्या सेंट वेन्त्सेल चर्चमध्ये बांधलेला भव्य ऑर्गन १७४६ मध्ये तपासायला दोन परीक्षक आले, त्यांतला एक बाख आणि दुसरा खुद्द झिल्बरमान. पुढे ड्रेस्डेनच्या कॅथलिक दरबारी चर्चचे काम चालू असताना ४ ऑगस्ट १७५३ रोजी झिल्बरमानचा मृत्यू झाला, आणि तो ४७ स्टॉपचा, त्याचा सर्वांत मोठा ऑर्गन पुरा करण्यात हिल्डेब्रांटचा मोठा वाटा होता. तो १७५५ मध्ये वाजू लागला.

प्रश्न : मी दादरला हार्मोनियम दुरुस्ती करतो. झिल्बरमानचे सूरमिलन सदोष होते, अशी टीका त्याच्या हयातीतच झाली, असे एका ग्राहकाने सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, दादर

उत्तर : टीका झाली हे खरे आहे; गेओर्ग आंद्रेआस झोर्ग या वादकाने १७४८ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. मात्र 'सदोष' हा शब्द आपण तरी जपून वापरावा, कारण हा पेच आपल्या रोजच्या कामातला आहे. बारा पट्ट्यांत सप्तक बसवायचे तर सगळे पंचम आणि सगळे गांधार एकाच वेळी शुद्ध ठेवता येत नाहीत, कुठेतरी थोडी तूट राहतेच. आजच्या हार्मोनियमवर ही तूट बारा ठिकाणी समान वाटली जाते. पंचम त्यामुळे फारसे बिघडत नाहीत, पण गांधार चढा राहतो. तंबोरा नीट जुळला की त्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधाराशी पेटीचा गांधार ताडून पाहा, फरक लगेच कळेल. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर जी बंदी घातली, तिच्यामागच्या वादातही हा मुद्दा होताच.

झिल्बरमानने तूट समान वाटली नाही. त्याने बहुतेक पंचम किंचित आखूड केले, त्यामुळे चर्चमध्ये नेहमी लागणाऱ्या पट्ट्यांतले गांधार गोड झाले, आणि उरलेली सगळी खोट क्वचित लागणाऱ्या एका पंचमाच्या माथी मारली. तो पंचम इतका बेसूर लागतो की ऑर्गनकार त्याला 'लांडगा' म्हणतात. भजनी मंडळाची पेटी काळी एक आणि पांढरी चार या दोनच पट्ट्यांत वाजणार असेल, तर तिच्यासाठी हा सौदा वाईट म्हणता येणार नाही. सर्व पट्ट्यांत मुक्त संचार करणाऱ्या बाखसारख्या वादकाला मात्र तो जाचणारच. झोर्गची तक्रारही याच स्वरूपाची होती. पुढे यांतील अनेक ऑर्गन सौम्य पद्धतीने पुन्हा सुरात मिळवले गेले, त्यामुळे आजच्या ध्वनिमुद्रणांतून मूळ लांडगा नेहमी ऐकू येईलच असे नाही. आपल्याला रस वाटेल अशी आणखी एक गोष्ट : फ्रायबर्गच्या कॅथीड्रलची पट्टी आजच्या मानापेक्षा अर्ध्या स्वराहून अधिक चढी आहे, तर ड्रेस्डेनच्या दरबारी चर्चची सुमारे अर्धा स्वर उतरती.

प्रश्न : ड्रेस्डेनवरील बॉम्बहल्ल्यात हे ऑर्गन नष्ट झाले का? आता काय पाहायला मिळेल? मुलगी जर्मनीत शिकायला जात आहे.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ड्रेस्डेनमधल्या तीनपैकी दोन गेले. सोफी चर्चमधला १७२० चा आणि फ्राउएन चर्चमधला १७३६ चा हे ऑर्गन फेब्रुवारी १९४५ मध्ये नष्ट झाले. या दोन्हींवर बाखने वादन केलेले होते. दरबारी चर्चमधील ऑर्गनच्या नळ्या १९४४ मध्येच काढून सुरक्षित ठेवल्यामुळे वाचल्या. मखर जळाले, नवे करावे लागले, आणि १९७१ मध्ये वाद्य पुन्हा उभे राहिले. पुनर्बांधणी झालेल्या फ्राउएन चर्चमध्ये २००५ मध्ये स्ट्रासबर्गच्या कारागिरांनी बांधलेला नवा ऑर्गन आहे. झिल्बरमानची हुबेहूब प्रतिकृती करावी की नाही यावर तेव्हा बराच वाद झाला, आणि ती केली गेली नाही. मला तो निर्णय पटला नाही. फ्राउएनस्टाइनच्या गढीत त्याच्या कामाचे संग्रहालय आहे. मुलीला एकाच ठिकाणी जाणे शक्य असेल तर तिने फ्रायबर्ग गाठावे : त्या एका गावात झिल्बरमानचे चार ऑर्गन आहेत, त्यांतले दोन कॅथीड्रलमध्येच, आणि ते नुसते पाहण्यापेक्षा वादनाची वेळ आधी विचारून मगच जावे.