मोजा म्हणजे एक

प्रिय पोरी,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. नैरोबीचं पक्कं झालं म्हणतेस, तीन महिने, वस्तीतल्या बायकांना योग शिकवायचा, पैसे नाहीत पण राहण्या-जेवण्याची सोय आहे. आनंद झाला गं, खोटं काहून बोलू. पण सोबत जी पीडीएफ पाठवली ती पाहून जरा धास्तावलो, पहिल्याच दिवशी ओंकार, प्रार्थना, बारा सूर्यनमस्कार, मग त्रिकोणासन, वीरासन, शेवटी शवासन. आपल्या रामनगरच्या योगाभ्यासी मंडळात सकाळच्या बॅचला हे खपून जाईल, तिथं नाही.

आधी तुझ्या स्वतःच्या दमाचं बघ. नागपूर समुद्रसपाटीपासून 310 मीटरच्या आसपास आहे आणि नैरोबी 1,700 मीटरच्या वर. मी गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी रुबाबात सूर्यनमस्कार दाखवायला उभा झालो आणि आठव्याला तोंड उघडं पडलं, समोरच्या बायका मात्र शांतपणे बघून राहिल्या होत्या. पहिले पाच-सहा दिवस तू फक्त दीर्घ श्वास घे, चालत फिर. आणि स्वेटर ने. इथं लोकं मे महिन्यात 45 अंशात भाजून निघतात म्हणून जूनमध्ये तिकडे जाताना उन्हाळी कपडे भरतात, तिकडे जून-जुलै म्हणजे थंडीचे दिवस, सकाळी फरशीवर पाठ टेकवत नाही. मॅट सगळ्यांकडे नसणार. लेसो म्हणून मोठं सुती कापड असतं बायकांकडे, त्याची दुहेरी घडी करून त्याखाली पुठ्ठा टाकला की काम भागते.

आता मुद्द्याचं. योग शिकवणं म्हणजे निम्मं काम आवाजाचं आहे, हे मला इतकी वर्षं शिकवूनही तिथं गेल्यावर कळलं. इथं आपण एक, दोन, तीन म्हणतो आणि समोरचा त्या लयीवर वाकतो, तिथं तू इंग्रजीत मोजलंस तर बाई आधी आकडा समजून घेते, मग वाकते, तोवर श्वास सुटलेला असतो. म्हणून आसनांची यादी राहू दे, तिथल्या स्वाहिली भाषेतले एक ते दहा आकडे पाठ कर. मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो, सिता, साबा, नाने, तिसा, कुमी. मोजा म्हणजे एक. आपल्या मराठीत मोजा म्हणजे काय हे तुला सांगायला नको, मला तर पहिल्या दिवशी हसूच आवरेना, मी म्हणतो मोजा आणि त्या खरंच मोजायला लागतात.

श्वास घ्या याला वुता पुमझी, सोडा याला तोआ पुमझी. हळूहळू म्हणजे पोले पोले, हा शब्द दिवसातून शंभरदा लागेल. आणि पुमझी म्हणजे श्वास, तर पुमझिका म्हणजे विश्रांती घ्या, एकाच घरातले शब्द. शवासनाला तू पुमझिका म्हण. मी एकदा हौसेनं शव शब्दाचा अर्थ समजावून सांगायला गेलो, त्यांच्यात एकीच्या घरी आठच दिवसांपूर्वी मयत झाली होती. ती उठून बाहेर गेली. त्यानंतर मी तो अर्थ कुठंच सांगितला नाही, इथं नागपुरात पण नाही.

वेळेचं मात्र नीट ऐक, इथं माझी चांगलीच फजिती झाली. स्वाहिलीत घड्याळ दिवस उगवल्यापासून धरतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, सा मोजा. मी नवीन आकडे शिकल्याच्या जोशात फळ्यावर लिहून टाकलं, उद्या क्लास सा सिता, मला वाटलं सहा वाजता. सकाळी सहाला मी एकटाच कुडकुडत उभा, आणि बायका आल्या बरोबर दुपारी बाराला, त्यांच्या हिशोबानं अगदी टायमावर. आपल्याकडेही पहिला प्रहर सूर्योदयापासूनच धरायचे की, पण ते आपण पंचांगात ठेवून दिलं. तेव्हा वेळ सांगताना उजेडाचं की इंग्रजी घड्याळाचं ते विचारून घेत जा.

शिकवायचं काय? त्यांच्या कामाकडे बघ. वीस लिटरचा पाण्याचा कॅन उचलणाऱ्या बाईची कंबर आणि मान आधी बोलते. मार्जारासन, भुजंगासन, खुर्चीवर बसून वक्रासन, भिंतीला हात टेकून खांदे मोकळे करणं, एवढ्यात महिना निघतो. प्लास्टिकच्या खुर्च्या सगळीकडे मिळतात, त्यांचा उपयोग करायला लाजू नको, इथल्या काही मास्तरांना खुर्ची म्हटली की कमीपणा वाटते. आणि कोणालाही आसन द्यायच्या आधी बीपी, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण, ऑपरेशन हे विचार, चारचौघात नाही, बाजूला घेऊन. बीपीवालीला कपालभाती आणि श्वास रोखणं नको. मी विचारायचं विसरलो होतो, एक आजी चक्कर येऊन भिंतीला टेकल्या, नशीब भिंत होती. कोणी म्हणालं शुगरच्या गोळ्या सोडू का, तर सरळ नाही म्हण, डॉक्टरकडे पाठव. हात लावून आसन दुरुस्त करायचं तर आधी विचार, बाईला सुद्धा.

ओंकाराचं म्हणशील तर तिथं चर्चला जाणाऱ्या आहेत, नमाज पढणाऱ्या आहेत. त्यांना वाटायला नको की व्यायामाच्या नावाखाली काहीतरी दुसरंच चाललंय. पहिला महिना फक्त श्वास. पुढे कोणी आपणहून विचारलं तर सांग, लपवू पण नको.

मंडळ सुरू करणाऱ्या जनार्दनस्वामींच्या रीतीप्रमाणे तिथं शिकवायचे पैसे घेत नाहीत, त्याच वळणावर आपण वाढलो, म्हणून फुकट शिकवतोय याचं आपल्याला फार कौतुक असते. पण त्या बाईचा माटाटूचा, म्हणजे तिकडच्या शेअर मिनीबसचा, भाडेखर्च कोण देतो? क्लास तिच्या घराजवळ घे, तू दोन किलोमीटर चाल. चहाला चायच म्हणतात आणि पोळीला चपाती, त्यामुळे उपाशी राहणार नाहीस, तर्री पोह्याची आठवण येईल ती येईलच.

कागदाचं एक. यलो फिव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच घे, आणि निघायच्या दहा दिवस आधी, कारण कार्ड दहा दिवसांनी चालू होतं. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. बिनपगारी काम असलं तरी नुसत्या टुरिस्टच्या परवानगीवर चालेल असं धरू नको, बोलावणाऱ्यांकडून लेखी घे.

दुसऱ्या महिन्यापासून मोजणी त्यांच्यापैकी एकीकडे दे. आवाज मोठा असलेली नको, घाई न करणारी शोध. माझ्या वेळी भाजी विकणारी एक होती, ती तातू आणि न्नेच्या मध्ये इतकी थांबायची की मलाच धाप लागायची, पण बायका तिच्या मोजण्यावर माझ्यापेक्षा जास्त वाकायच्या. शेवटचे पंधरा दिवस मी मागच्या रांगेत चटई टाकून बसलो, कोणी वळून पाहिलं नाही.

रविवारी सकाळी घरी ये, काकू पोहे करून राहिली आहे. लसीचा कागद घेऊन ये आणि कुमीपर्यंत न अडखळता म्हणून दाखव, मग पीडीएफचं बघू.

तुझा काका
नागपूर