समलैंगिक कादंबऱ्यांतले नायक शहरभर का भटकतात?

१९५० आणि ६० च्या दशकांतील समलैंगिक कादंबऱ्यांत नायक सारखे शहरात का भटकतात आणि त्यांतली कोणती आधी वाचावी, असे आपण विचारले आहे. दार लावून घेता येईल अशी हक्काची जागा नसते, म्हणून ते भटकतात.

हे ठासून सांगतो, कारण आमच्या वाचक मंडळात जेम्स बाल्डविन यांच्या 'जिओव्हानीज रूम'वर (१९५६) चर्चा झाली, तेव्हा एका निवृत्त प्राध्यापकांनी 'पॅरिसच्या रस्त्यांची पाने गाळली, तर कादंबरी आटोपशीर होईल' असा निकाल दिला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ते मला झोंबले. तरुणपणी माझा जोडीदार आणि मी चर्चगेटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत संध्याकाळी चालत जात असू, ते हवा खायला नव्हे. तो वसतिगृहात राहत होता आणि माझ्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे होती.

मी प्राध्यापकांना एक पान उघडायला लावले. कादंबरीचा अमेरिकन निवेदक डेव्हिड आणि त्याचा प्रियकर जिओव्हानी किलोभर चेरी खात, पोरांसारख्या एकमेकांवर बिया उडवत रुंद फुटपाथवरून चालले आहेत. तेवढ्यात एक अनोळखी मुलगा शेजारून जातो, डेव्हिडची नजर त्याच्यावर खिळते, ते जिओव्हानीच्या लक्षात येते आणि तो हसतो. आपली ओढ एकट्या जिओव्हानीपुरती नाही, हे डेव्हिडला तिथे कळते आणि तो हादरतो. जिओव्हानीच्या खोलीत हे कळलेच नसते. तिथे खिडकीच्या काचा पांढऱ्या पॉलिशने झाकलेल्या आहेत आणि भिंतीवरच्या कागदात घेरदार झग्यातली स्त्री व एक पुरुष गुलाबांच्या वेढ्यात कायमचे सोबत चालत आहेत. स्त्री-पुरुषाची जोडी भिंतीवरसुद्धा बिनघोर फिरते, हे बाल्डविन यांनी मुद्दाम लिहिले आहे. प्राध्यापकांनी त्याला योगायोग म्हटले. बाल्डविन इतके निष्काळजी लेखक नव्हते.

फ्रान्सने समलैंगिक संबंधांचा गुन्हा १७९१ मध्येच कायद्यातून काढला होता, तर डेव्हिडच्या अमेरिकेत १९५६ मध्ये तो प्रत्येक राज्यात कायम होता. त्यामुळे पॅरिसमध्ये पोलिसांचा तेवढा धाक नसला, तरी मायदेशाची भीती त्याच्याबरोबर हिंडते.

अर्थात हे कारण सर्वांना लागू पडत नाही. जॉन रेची यांच्या 'सिटी ऑफ नाइट'चा (१९६३) निवेदक न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर आणि लॉस एंजेलिसच्या पर्शिंग स्क्वेअरवर हिंडतो, तो देहविक्रय करून पोट भरण्यासाठी. आणि क्रिस्टोफर ईशरवुड यांच्या 'अ सिंगल मॅन'मधील (१९६४) जॉर्जला स्वतःचे घर आहे, फक्त जोडीदार अपघातात गेल्यामुळे ते त्याला खायला उठते. तरीही सुरुवात 'जिओव्हानीज रूम'पासूनच करावी आणि रस्त्यांची पाने सावकाश वाचावीत, कोणी काहीही सांगो. त्यानंतर बाल्डविन यांचीच 'अनदर कंट्री' (१९६२) घ्यावी. पहिल्या कादंबरीत प्रमुख पात्रे गोरीच असल्यामुळे जो वर्णभेद बाहेर राहिला होता, तो इथे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उपाशी हिंडणाऱ्या रूफस या कृष्णवर्णीय ड्रमवादकाबरोबर पहिल्या पानांपासूनच समोर येतो.