रेघ वाकडी का जाते?

प्रश्न : सेकंड इयरला कॉम्प्युटर ग्राफिक्स आहे. ब्रेसेनहॅमच्या पद्धतीने (स्क्रीनवर रेघेसाठी कोणते ठिपके रंगवायचे ते ठरवणारी पद्धत) पसरट रेघा बरोबर येतात, पण (२,३) ते (५,१२) ही उभट रेघ भलतीकडेच जाते. डीडीएने (दर पावलाला उताराइतकी भर घालत जाणारी दुसरी पद्धत) तर काही रेघा चक्क आडव्या येतात. ओरलला ब्रेसेनहॅममधला, पुढचा ठिपका ठरवणारा ‘पी कुठून आला?’ विचारलं की गाडी अडते.
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : चौकटींचा कागद घ्या आणि आधी (२,३) ते (९,७) ही रेघ हाताने काढा. आडवं अंतर ७, उभं ४. एक घर उजवीकडे गेलं की खरी रेघ ४/७ ने चढते. वरचं घर रंगवायचं की त्याच ओळीतलं, हे ती अर्ध्याच्या वर आहे का यावर ठरतं. म्हणजे ४/७ वजा १/२ धन की ऋण, एवढंच बघायचं. अपूर्णांक नकोत म्हणून १४ ने गुणा : ८ − ७ = १. हाच तुमचा पहिला पी. पुढच्या प्रत्येक पावलाला ४/७ वाढतात, म्हणजे पीमध्ये ८ मिळवायचे. वर चढलात तर एक अख्खं घर, म्हणजे १४, वजा. म्हणून −६.

पी १, −५, ३, −३, ५, −१, ७ असा फिरतो आणि घरं येतात (३,४), (४,४), (५,५), (६,५), (७,६), (८,६), (९,७). टोक जुळलं नाही तर बेरीज चुकली. ब्रेसेनहॅम यांनी हे १९६२ मध्ये आयबीएममध्ये प्लॉटरसाठी (कागदावर पेनाने रेघा काढणारं यंत्र) बसवलं. नुसत्या पूर्णांकांच्या बेरजेवर काम भागतं, हीच त्यातली गंमत.

आता उभट रेघ. आडवं अंतर ३, उभं ९. पहिला पी १५, आणि दर पावलाला त्यात १२ ची भर. तो कधी ऋण होतच नाही. त्यामुळे रेघ ४५ अंशांत चढून (५,६) ला थांबते, कारण एका पावलात एकापेक्षा जास्त घरं चढायची सोयच नाही. उभं अंतर जास्त असेल तेव्हा एक्स-वायच्या भूमिका बदला : पाऊल वायमध्ये टाका, निर्णय एक्सचा घ्या. उतरत्या रेघेसाठी वाढ −१ ची.

डीडीएचं दुखणं निराळं. सी भाषेत दोन इंटिजरांचा, म्हणजे पूर्णांकांचा, भागाकार ४/७ म्हणजे शून्य, मग वाय हलणार कसा? भागण्याआधी एकाला फ्लोट (दशांश संख्या) करा.

प्रश्न : फ्लड फिल (एका ठिपक्यापासून शेजारच्या ठिपक्यांत रंग पसरवत आकृती भरणं) छोट्या चौकोनात चालतं, मोठ्या आकृतीत प्रोग्रॅम कोसळतो. तिरपे धरून आठ शेजारी घेतले की रंग बाहेर सांडतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टर्बो सी (सीचा जुना कंपायलर) वापरत असाल तर स्टॅक, म्हणजे फंक्शन कॉलची माहिती ठेवायची मेमरी, मुळात ४०९६ बाइटांचा. प्रत्येक रिकर्सिव्ह (फंक्शनने स्वतःलाच केलेल्या) कॉलचा परतीचा पत्ता आणि पॅरामीटर त्यातच ठेवायचे. १०० × १०० च्या चौकोनात १०,००० पिक्सेल. कॉल हजारोंनी खोल जातात. स्टॅक वाढवणं ही मलमपट्टी झाली. त्यापेक्षा एका ओळीत डावी-उजवी कड लागेपर्यंत सलग रंगवा आणि वरच्या-खालच्या ओळींतल्या प्रत्येक कोऱ्या पट्ट्याचा एकच बिंदू स्वतःच्या अ‍ॅरेत ठेवा.

गळतीचं कारण वरच्याच (२,३) ते (९,७) या रेघेत आहे. (४,४) आणि (५,५) फक्त कोपऱ्याने चिकटलेत. आठ शेजारी घेतले की रंग (५,४) वरून (४,५) मध्ये सहज घुसतो. अशा कडांना चारच शेजारी घ्या. मग टोकदार कोपऱ्यात एखादा ठिपका कोरा राहील. तेवढं चालवून घ्यावं लागतं.

प्रश्न : आकृती उलटी का दिसते?

उत्तर : स्क्रीनचा (०,०) वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. ६४० × ४८० च्या मोडमध्ये वायच्या जागी ४७९ − वाय द्या.