तारीख आधी लाव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला आणि पलंगावर उठूनच बसलो. मंडळाच्या कार्यक्रमासाठी बातम्या आणि गाणी यांच्यावर निवेदन लिहिते आहेस, ते लिहीच. पण तुझा प्रश्न मला झोपू देईना. आजी म्हणतात, चीनचं युद्ध चालू होतं तेव्हा रेडिओवर ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लागायचं. तुला सापडलेली तारीख म्हणते, गाणं युद्धानंतरचं. आणि तू मला विचारतेस, “काका, आजीची आठवण गाळू की तारीख?”

काहीच गाळायचं नाही. तारीख आधी लाव आणि मग आजींकडे परत जा.

युद्ध २० ऑक्टोबर १९६२ ला पेटलं आणि २१ नोव्हेंबरला चीनने आपणहून युद्धविराम जाहीर केला. लताबाईंनी हे गाणं दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये नेहरूंसमोर गायलं ते २७ जानेवारी १९६३ ला. सव्वीस नाही, सत्तावीस. म्हणजे मध्ये दोन महिने गेले. पण हिवाळा तोच होता ना! तू लिहिलं आहेस की आजी तेव्हा इथे इंदुरात, रामबागेत राहायच्या आणि वाड्यातल्या बायका जवानांसाठी स्वेटर विणायच्या. देशभर हेच चाललं होतं, संरक्षण निधीत बायकांच्या बांगड्या जात होत्या. युद्धविराम झाला म्हणून विणकाम त्याच संध्याकाळी थोडंच थांबलं असेल? त्याच लोकरीच्या गुंड्यांमध्ये पुढे कधीतरी गाणं येऊन बसलं. आजी खोटं बोलत नाहीत. त्यांनी एक अख्खी थंडी एका गाण्याच्या नावावर केली आहे.

म्हणून त्यांना “तुमचं चुकतंय” म्हणू नकोस. विचार, रेडिओ कोणाच्या घरी होता? तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं, दारोदार नव्हते. गाणं लागलं तेव्हा खोलीत कोण होतं, कोण उठून गेलं? सीमेवर गेलेल्या कोणाचं पत्र तोवर आलं होतं की नव्हतं? या प्रश्नांची उत्तरं तुला कुठल्याही पुस्तकात मिळायची नाहीत, आणि तारीख हाताशी नसेल तर हे प्रश्न तुला सुचणारही नाहीत.

तारखेचा आग्रह मी हौसेने धरत नाही. तारीख हलली की गाण्याचा अर्थ हलतो. हे गाणं युद्धाच्या ऐन मध्यात ठेवलंस तर ते वीरश्रीचं होतं. जानेवारीत ठेवलंस तर दिसतं की आपण हरलो होतो, माणसं परत आली नव्हती, आणि कोणीतरी उभं राहून त्यांच्यासाठी रडायची परवानगी दिली. एवढा फरक आहे, आणि निवेदक लोक तो माईकवर दोन सेकंदांत पुसून टाकतात.

नेहरूंच्या डोळ्यांतल्या पाण्याचे फॉरवर्ड मला पाठवू नकोस. ते पाणी साठ वर्षं विकून झालं. त्याऐवजी हे सांग, की हे गाणं लिहिणाऱ्या कवी प्रदीप यांनी त्याची रॉयल्टी युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांसाठी दिली होती, आणि ती रक्कम मिळण्यासाठी २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. हे मी आजवर एकाही मंचावर ऐकलेलं नाही.

प्रदीप आपल्याच माळव्यातले, बडनगरचे. त्यांचं ‘दूर हटो ऐ दुनियावालों’ घे. लोक ते पंधरा ऑगस्टला लावतात आणि स्वातंत्र्य मिळाल्याच्या आनंदाचं समजतात. अगं, ते ज्यातलं तो ‘किस्मत’ चित्रपट १९४३ चा! ‘चले जाव’ला वर्षही झालं नव्हतं, पुढारी तुरुंगात होते. गाण्यात जर्मन आणि जपानी यांची नावं घातली होती म्हणून ते सेन्सॉरमधून सुटलं, पण थिएटरात बसलेल्याला कोणाला दूर हटायला सांगितलंय ते बरोबर कळत होतं. पुढे अटक होऊ नये म्हणून प्रदीप यांना भूमिगत व्हावं लागलं. १९४७ च्या खात्यात टाकलंस तर ही सगळी गंमत आणि ही सगळी जोखीम वाया गेली.

आणि जे गाणं वाजलंच नाही, त्याचं काय? तुझ्या यादीत आणीबाणीसमोर तू प्रश्नचिन्ह टाकलं आहेस. किशोरकुमार खंडव्याचे, शिकायला आपल्या इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात. सरकारी प्रचाराला सहकार्य करायला नकार दिला म्हणून मे १९७६ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद झाली. इंदुरात तेव्हा रेडिओ लावून बसणाऱ्याला आणीबाणीची बातमी अशीही ऐकू आली, त्यांचा आवाज नाहीसा झाल्याने. प्रश्नचिन्ह खोड आणि तिथे ‘मे १९७६’ लिही.

उलटंही होतं. ‘नाम गुम जाएगा’ १९७७ च्या चित्रपटातलं, कोणत्याही बातमीसाठी लिहिलेलं नाही. ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या आणि दुपारपर्यंत ज्याच्या त्याच्या स्टेटसवर तेच. त्यांचा जन्म इथल्या सिख मोहल्ल्यातला, त्यामुळे आपल्या गावाला तर ते घरचंच वाटलं. आता ते त्या दिवसाचं गाणं झालं, हरकत नाही. पण निवेदनात दोन्ही सालं हवीत. (सहा फेब्रुवारी हा प्रदीप यांचा जन्मदिवस, हे खरं आहे. त्यावरून ‘दैवी योगायोग’ वगैरे सुरू केलंस तर मी उठून जाईन.)

उठून जाण्याचं म्हणशील, तर तुला कोणी ना कोणी सांगितलंच असेल. एका मोठ्या कार्यक्रमात मला “सीमेवर गोळ्या सुटत असताना गायलेलं गाणं” असं वाचायला दिलं होतं. मी ते वाचलं नाही. माईक ठेवला आणि खाली उतरलो. त्या मंचावरून पुन्हा बोलावणं आलं नाही. पेटीवर माझा जुना दोस्त होता, त्याचा कार्यक्रम विस्कटला. तो नंतर बोलेनासा झाला आणि तो गेल्याचं मला पेपरातून कळलं. त्याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण वाक्य चुकीचं होतं गं. लोक म्हणतात, दोन महिन्यांसाठी एवढं? दोन महिन्यांसाठी नाही. मी ते वाक्य वाचलं असतं, तर समोर बसलेल्या प्रत्येक आजीची आठवण त्या साच्यात गेली असती आणि पुन्हा कोणी तिला काही विचारलं नसतं.

तुझे संयोजक कुरकुरतील. म्हणतील, भावना महत्त्वाच्या, तारखा कोण ऐकतं? त्यांना पाच मिनिटं हवी असतील तर पाचच घे, भांडू नकोस, भांडण मी करून ठेवलंय. फक्त त्या पाच मिनिटांत सत्तावीस जानेवारी आणि आजींचे स्वेटर एकापाठोपाठ एक येऊ देत.

शनिवारी आजींकडे जाशील तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड कर, लिहून घेत बसू नकोस, त्या गप्प होतील. आणि वाड्यातला तो रेडिओ कोणाचा होता, ते कळलं की मला त्याच दिवशी फोन कर. माझा अंदाज आहे, पण आधी सांगणार नाही.

तुझा,
काका