जुना मॉनिटर फोडून तांबं काढावं का?

प्रश्न : माळ्यावर मागे फुगीर असलेला जुना मॉनिटर आहे. उघडून तांबं काढलं आणि काच कचऱ्यात टाकली तर चालेल का? एक बंद पडलेला सपाट मॉनिटरही आहे.

उत्तर : उघडूच नका. आतल्या पिक्चर ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते. तांब्याची गुंडाळी नेमकी तिच्या बारीक मानेवर बसवलेली असते आणि ओढाताणीत पहिली तुटते ती मानच. मोठा तडा गेला तर काच आत कोसळून चौफेर उडते. शिवाय नळीवर सुमारे २५,००० व्होल्टचा भार चढतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत वजनाच्या साधारण २० टक्के शिसं असतं, म्हणून ती कचऱ्यात नको. थोड्याशा तांब्यासाठी हा उपद्व्याप परवडत नाही.

मॉनिटर अखंडच अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. उचलताना पडद्याची बाजू छातीकडे धरा, गाडीत पडदा खाली करून गादीवर ठेवा.

सपाट मॉनिटर एलईडीचा नसेल, तर पडद्यामागच्या बारीक नळ्यांत पारा असतो. तोही न उघडता तिथेच द्या. नुसतं चित्र येत नसेल, तर आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा; बरेचदा पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर बदलून भागतं.