बाबांसाठी कोल्हापूरची मैफल: कार्डावर, ठेव मोडून की बचतीतून?

प्रश्न: आम्ही गारगोटीत राहतो. पगार 42,000, घरखर्च आणि गाडीचा हप्ता धरून 34,000 जातात. येत्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी साडेपाचला कोल्हापुरात जयपूर-अत्रौली या शास्त्रीय घराण्याच्या गायकीची मैफल आहे. बाबांना (77) ती समोर बसून ऐकायची फार इच्छा आहे. आई (68), बायको आणि मी सोबत. पुढची तिकिटं 1,200 ची, मागची 500 ची. भाड्याची गाडी जाऊन-येऊन 3,500, खाणं 2,000, साडी-चपला 4,000, म्हणजे 14,300. बचत खात्यात 18,000, मुदत ठेव 90,000 (7 टक्के), क्रेडिट कार्डाची बाकी 22,000, महिना साडेतीन टक्क्यांनी. हा खर्च कार्डावर टाकू की ठेव मोडू?

उत्तर: जरूर जा. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायचे. त्यांची गायकी त्याच कोल्हापुरात वडिलांना ऐकवणं हा फालतू खर्च नाही, तो मोकळ्या मनाने करा. पैसे मात्र कार्डातून नकोत आणि ठेव मोडूनही नकोत, बचत खात्यातून काढा.

कार्ड का नको ते आधी. जुनी बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून व्याज चालू होतं. हा खर्च साधारण 15,000 धरला तर महिन्याला 525 व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून जवळपास 620. आजची 22,000 ची बाकीही तुमच्याकडून महिन्याला 909 रुपये घेतेच आहे. म्हणजे दर महिन्याला 500 ची जवळजवळ दोन तिकिटं जळतात. मैफलीच्या खर्चापेक्षा मला ही गळती जास्त बोचते.

तेव्हा ठेवीला हात लावा, पण वेगळ्या कामासाठी. बँकेत जाऊन ठेवतारण कर्ज मागा. ठेवीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त, म्हणजे 9 टक्के धरा. 22,000 उचलून कार्ड त्याच दिवशी पूर्ण भरा. महिन्याचं व्याज 165 वर येतं, ठेव मोडत नाही आणि मुदतपूर्व दंडही लागत नाही. उरणाऱ्या 8,000 मधून दरमहा 4,000 भरलेत तर सहाव्या महिन्यात कर्ज फिटतं. तोवर कार्ड कपाटात ठेवा. बाकी भरून पुन्हा स्वाइप सुरू झालं की कर्ज आणि कार्ड दोन्ही मानेवर बसतात.

आता दिवसाचा हिशोब. तुमच्या अंदाजात एक चूक आहे: 500 पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, पण वर गेलं की पूर्ण रकमेवर 18 टक्के लागतो. 1,200 ही करापूर्वीची किंमत असेल तर तिकीट 1,416 ला पडेल आणि तुमची बेरीज 15,164 होईल. ऑनलाइन काढलंत तर सेवाशुल्क वेगळं, म्हणून खिडकीवर मिळतात का बघा. शिवाय पहिली रांग म्हणजे उत्तम आवाज असं नाही. स्पीकर बहुधा रंगमंचाच्या दोन्ही कडांना असतात, त्यामुळे अगदी पुढे बसलं की एका बाजूचा आवाज जास्त येतो आणि मान वर करून बसावं लागतं. मधल्या पट्ट्यातली सहावी ते दहावी रांग, कडेची खुर्ची, स्वच्छतागृह जवळ, ही जागा 77 वर्षांच्या माणसाला जास्त सोयीची. ती 500 मध्ये मिळत असेल तर चौघांसाठी तीच घ्या. फक्त 500 ची जागा गॅलरीत, जिने चढून असेल तर माझं मत बदलतं: आई-बाबांसाठी दोन 1,200 ची घ्या, 1,832 जास्त जातील आणि ते योग्यच आहेत.

खरा पेच रात्रीच्या परतीचा आहे. दोन कलाकार असले तर दहा सहज वाजतात आणि शेवटच्या एसटीच्या धास्तीने लोक भैरवीआधी उठतात. म्हणून राहा, रविवारची सुट्टी आहेच. बाबा 75 च्या वर, त्यांना एसटी मोफत, आई आणि पत्नी अर्ध्या तिकिटात, तुमचं पूर्ण. दोन पूर्ण तिकिटांत चौघं. जाऊन-येऊन 500 धरा. आधारकार्ड बरोबर हवंच. दोन खोल्या 1,400 प्रमाणे, 5 टक्के करासह 2,940. मिळून 3,440, म्हणजे गाडीएवढेच, पण बाबांना दुपारी दोन ते चार पाठ टेकता येते. लॉजला फोन करून 'चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं' एवढं विचारा. चोवीस तासांचं असेल तर शनिवारी बाराला शिरून रविवारी बाराला निघा.

लॉज सभागृहाजवळ की देवळाजवळ, हे तिकिटावरचं नाव वाचून ठरवा. ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, त्यानंतर कार्यक्रम शहरभर विखुरले. अंबाबाईचं दर्शन शनिवारी नको, रांगेत उभं राहून पाय भरून आले तर मैफलीत लक्ष लागणार नाही. रविवारी पहाटे जा, मग गंगावेशीत कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध. मिसळ खाणार असाल तर बाबांसाठी कट वेगळा मागा.

तिकिटं 2,000, एसटी 500, खोल्या 2,940, खाणं 2,000, रिक्षा 400, एक चप्पलजोड 1,500, एकूण 9,340. खात्यात 8,660 उरतात. साडी दिवाळीच्या पैशांतून घ्या. चप्पल रविवारी निघताना घ्या. शिलाई चामड्याच्या वादीची आहे ना, तळ उलटा करून बघा. शनिवारीच घेऊन पायात घातलीत तर अंगठ्याला चावेल आणि आलाप ऐकताना सगळं लक्ष तिथेच जाईल.