नीरोचं नाणं हलकं का?

प्रश्न : नीरोचं ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, ७.२ ग्रॅम भरलं, ऑगस्टसचं ७.८. पहिलं बनावट समजायचं का?

उत्तर : नाही. इ.स. ६४च्या सुमारास नीरोनेच वजन उतरवलं. एका रोमन पौंडात ४० ऐवजी ४५ नाणी पाडली. त्यानंतरचं नीरोचं नाणं ७.८ भरलं, तर शंका घ्या.

खरी परीक्षा पाण्यात. नाणं दोऱ्याने टांगून पूर्ण बुडवा, वजनात ०.३८ ग्रॅमच्या आसपास घट यावी. मुलामा दिलेल्या चांदीत ती जवळपास दुप्पट येते. बुडबुडा चिकटला तर घट फुगते आणि चांगलं नाणं उगाच खोटं ठरतं. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. अस्सल सोन्यात ओतलेली नक्कल मात्र इथे सहज पास होते. तिच्या कडेवर साच्याचा सांधा किंवा कानशीचे ओरखडे भिंगातून शोधा.